काटा शंभरवर आणि वेग साठचा? हेलिकॉप्टर आणि वाऱ्याबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात हेलिकॉप्टर हवेत एका जागी कसं थांबतं यावर लिहिलं होतं, आणि शेवटी सहज एक ओळ टाकली होती की पायलटला इंजिनाइतकीच वाऱ्याचीही काळजी असते. त्या एका ओळीवरूनच इतकी पत्रं आलीत की हा अख्खा अंक वाऱ्यालाच द्यायचं ठरवलं. माझं बरंचसं काम नव्या पायलटांना शिकवण्याचं, त्यामुळे हे प्रश्न वाचताना खरंच आनंद झाला, कारण पहिल्या महिन्यात शिकाऊ पायलट जे विचारतात अगदी तेच तुम्ही विचारलंय.

प्रश्न : कामानिमित्त पहिल्यांदाच हेलिकॉप्टरमध्ये बसलो, तेही पुढच्या सीटवर. समोरच्या स्पीडच्या काट्यावर १०० नॉट दिसत होते पण माझ्या फोनचं जीपीएस ११० किलोमीटरच्या आसपास दाखवत होतं, म्हणजे जेमतेम ६० नॉट. खाली हायवेवरच्या गाड्या आमच्या बरोबरीने चालल्या होत्या. पायलटला विचारलं तर "हेडविंड" एवढंच म्हणाला. काटा खराब होता का? आणि इतका उशीर होत होता तर त्याने स्पीड का नाही वाढवला?

काटाही बरोबर होता आणि फोनही बरोबर होता. दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजत होते एवढंच.

हेलिकॉप्टरच्या पुढच्या भागात एक बारीक नळी असते, पिटो ट्यूब म्हणतात तिला. समोरून येणारी हवा तिच्यात किती दाबाने घुसते यावरून तो काटा हलतो. म्हणजे आपण हवेतून किती वेगाने चाललोय हे तो सांगतो, खाली जमीन आहे की समुद्र आहे की काहीच नाही याचा त्याला पत्ताच नसतो. हा झाला एअरस्पीड. फोन मात्र उपग्रहांवरून तुमची जागा काढतो आणि ती जागा जमिनीवर किती भराभर बदलतेय ते दाखवतो, हा ग्राउंडस्पीड. वाहत्या नदीत उलट्या दिशेने होडी वल्हवणाऱ्याचं जे होतं तेच इथे होतं, हात तितकेच चालतात, पाणीही तितकंच कापलं जातं, पण काठावरचं झाड मागे सरकायला वेळ लागतो. समोरून ४० नॉटचा वारा (हेडविंड) होता म्हणून तुमचे १०० नॉट जमिनीवर ६० झाले. तोच वारा पाठीमागून (टेलविंड) असता तर फोनवर १४० नॉट म्हणजे २६० किलोमीटर दिसले असते आणि काटा तसाच १०० वर राहिला असता.

(एक नॉट म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर. पुढे सगळीकडे नॉटच वापरतोय, सवय करून घ्या.)

आता स्पीड का नाही वाढवला. हा प्रश्न मला फार आवडला कारण यात हेलिकॉप्टरची खरी मर्यादा दडलीये. बहुतेक हेलिकॉप्टरच्या पात्याचं टोक साधारण सेकंदाला २०० मीटर किंवा थोड्या जास्तच वेगाने फिरत असतं. तुम्ही १०० नॉटने पुढे चाललात म्हणजे सेकंदाला ५१ मीटर. मग जे पातं पुढे येतंय त्याच्या टोकाला २५१ मीटरची हवा लागते आणि दुसऱ्या बाजूला जे मागे जातंय त्याला फक्त १४९ ची. लिफ्ट, म्हणजे वर उचलणारा जोर, वेगाच्या वर्गाच्या हिशोबात वाढते, म्हणजे काहीच उपाय केला नाही तर एका बाजूला दुसरीपेक्षा पावणेतीन पटीहून जास्त जोर येईल आणि मशीन कलंडेल. म्हणून पाती वरखाली हलू शकतील अशी बसवलेली असतात, पुढे येणारं पातं वर उठून आपली लिफ्ट कमी करतं आणि मागे जाणारं खाली येऊन वाढवतं. पण या जुळवून घेण्यालाही हद्द आहे. वेग आणखी वाढवत गेलं की मागे जाणारं पातं स्टॉल होतं, म्हणजे त्याची लिफ्ट एकदम कोसळते, मशीन हादरायला लागतं, नाक वर जातं आणि एका अंगाला कलतं. म्हणून प्रत्येक हेलिकॉप्टरला एक कमाल वेग ठरवून दिलेला असतो आणि तो एअरस्पीडमध्ये असतो. समोरून वारा आहे म्हणून तेवढा जास्त पळू, अशी सूट त्यात नाही. पातं हवेशी झगडतं, जमिनीशी नाही.

ही हद्द किती घट्ट आहे ते बघा. साध्या रचनेच्या हेलिकॉप्टरचा वेगाचा विक्रम ११ ऑगस्ट १९८६ चा आहे, वेस्टलँड लिंक्स हेलिकॉप्टर, पायलट ट्रेव्हर एगिंटन, तासाला ४००.८७ किलोमीटर म्हणजे साधारण २१६ नॉट, आणि त्यासाठी पातीसुद्धा खास बनवलेली होती. असे विक्रम मोजताना दोन्ही दिशांनी उडून सरासरी काढतात, वाऱ्याचा फुकटचा फायदा कुणाला मिळू नये म्हणून.

तरी एक गोष्ट खरी, की हेडविंडमध्ये इंधनाच्या हिशोबाने नेहमीपेक्षा थोडं जास्त वेगाने उडणं परवडतं आणि टेलविंडमध्ये थोडं हळू. पण तुमच्या त्या दिवशी ४० नॉटचा वारा होता म्हणजे हवा खडबडीतही असणार, आणि खडबडीत हवेत पायलटने वेग वाढवायचा नसतो, उलट कमी करायचा असतो. त्यामुळे तुमच्या पायलटने केलं ते योग्यच केलं. एका शब्दात उत्तर दिलं म्हणून रागावू नका, अशा वाऱ्यात त्याचे दोन्ही हात, दोन्ही पाय आणि डोकं सगळं कामात असतं.

प्रश्न : जाताना समोरून वारा लागला तर येताना तोच पाठीमागून लागेल ना? मग जाऊन-येऊन हिशोब सारखाच व्हायला पाहिजे. मी बारावीत आहे आणि आमच्या फिजिक्सच्या क्लासमध्ये यावर वाद झाला.

नाही होत सारखा. बारावीत आहेस ना, मग कागद घे आणि करूनच बघ. १०० नॉटिकल मैल लांबची जागा (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल), एअरस्पीड १०० नॉट. वारा नसेल तर जायला एक तास, यायला एक तास, एकूण दोन. आता ४० नॉटचा वारा घे. जाताना ग्राउंडस्पीड ६०, म्हणजे १ तास ४० मिनिटं. येताना १४०, म्हणजे ४३ मिनिटं. बेरीज २ तास २३ मिनिटं. तेवीस मिनिटं गेली ती कुठे गेली? तर वाईट वाऱ्यात तू जास्त वेळ घालवलास आणि चांगल्या वाऱ्यात कमी वेळ, एवढंच त्याचं कारण. दिशा उलट कर, आधी टेलविंड मग हेडविंड, बेरीज तीच येईल. वारा २० नॉट असेल तर फक्त ५ मिनिटं जास्त लागतात पण ५० झाला की ४० मिनिटं जास्त. म्हणजे वारा अडीचपट आणि नुकसान आठपट. हे प्रकरण सरळ रेषेत वाढत नाही, आणि लोक फसतात ते इथेच, "काल २० होता तेव्हा काही जाणवलं नाही, आज जरा जास्त आहे एवढंच" असं म्हणून निघतात.

समुद्रावर किंवा जंगलावर, जिथे मध्ये उतरायला जागा नाही तिथे हा हिशोब जीवनमरणाचा होतो. तीन तास पुरेल इतकं इंधन आहे असं धर. वारा नसेल तर दीड तास पुढे जाऊन परत येता येतं, १५० नॉटिकल मैल. ४० नॉटच्या हेडविंडमध्ये मात्र १२६ मैलांवरच मागे फिरावं लागतं. आणि गंमत म्हणजे वारा जाताना पाठीमागून असला तरीही आकडा १२६ च, फक्त तू तिथे ५४ मिनिटांत पोचतोस. ही दुसरी परिस्थिती मला जास्त धोकादायक वाटते, कारण जाताना सगळं मस्त, भराभर चाललंय, इंधन भरपूर दिसतंय, आणि परतीचा सगळा खर्च पुढे वाट बघत उभा असतो. इंधनाची राखीव वेळही इथेच उपयोगाला येते, अमेरिकेच्या नियमात हेलिकॉप्टरला दिवसा उघड्या हवामानात उडताना ठिकाणावर पोचल्यावरही २० मिनिटं उडता येईल इतकं इंधन लागतं. पण ती २० मिनिटं अंदाज चुकला तर वापरायची आहेत, वाऱ्याचा हिशोब न करता निघायला नाहीत, आणि वरच्या आकड्यात बघ, नुसत्या वाऱ्यानेच २३ मिनिटं खाल्ली.

प्रश्न : आणि वारा बरोबर आडवा असेल तर? तेव्हा तर वेगावर काहीच परिणाम होत नसेल.

होतो, थोडासा. आडव्या वाऱ्यात नाक सरळ ठेवलं तर तुम्ही वाहून जाल, म्हणून नाक वाऱ्याकडे थोडं वळवून खेकड्यासारखं तिरकं जावं लागतं. १०० नॉट एअरस्पीड आणि ३० नॉट आडवा वारा असेल तर नाक साधारण साडेसतरा अंश वळवावं लागतं आणि ग्राउंडस्पीड ९५ च्या आसपास राहतो. म्हणजे वारा काटकोनात असूनही ५ नॉट गेलेच.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ रिमोटवरचं मॉडेल हेलिकॉप्टर उडवतो. तो म्हणतो की समोरच्या वाऱ्यातून उडत असताना वळून वारा पाठीमागे घेतला की एअरस्पीड एकदम कमी होतो आणि मशीन खाली बसतं. मी इंजिनिअर आहे, मी त्याला सांगतो की वारा स्थिर असेल तर हे शक्यच नाही. घरात रोज भांडण. तुम्हीच निकाल द्या.

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त जागा देणार आहे, कारण हे भांडण फक्त तुमच्या घरात नाही, उडणाऱ्या लोकांमध्ये कित्येक वर्षं चाललंय, आणि यात अर्धवट समजून घेतलं तर माणसं मरतात.

आधी तत्त्व. स्थिर वाऱ्यात तुमचंच बरोबर आहे. हेलिकॉप्टर हवेच्या एका मोठ्या सरकत्या ढिगात आहे, त्या ढिगाच्या आत ते वळतंय, आतल्या आत त्याला वारा लागतच नाही. डोळे झाकून काट्यांकडे बघून १०० नॉटवर नीट गोल वळण घेतलं तर काटा पूर्ण वळणभर १०० च दाखवेल. जमिनीवरचा वेग ६० पासून १४० पर्यंत गेला असेल पण मशीनला त्याचं काही देणंघेणं नाही.

पण तुमच्या भावाने जे बघितलंय तेही खोटं नाही. त्याचं कारण फक्त त्याने चुकीच्या ठिकाणी शोधलंय. तो जमिनीवर उभा आहे. मॉडेल वाऱ्याबरोबर वळलं की त्याला ते एकदम सुसाट पळताना दिसतं, आणि हात आपोआप स्टिक मागे ओढतो, वेग कमी करायला. कमी काय झालं? एअरस्पीड. मशीन बसलं ते वाऱ्यामुळे नाही, त्याच्या हातामुळे.

आता हेच खऱ्या हेलिकॉप्टरमध्ये. समजा एका पायलटला विजेच्या तारांची पाहणी करायचीये, शेजारी कॅमेरा घेऊन माणूस बसलाय, त्याला हळू आणि सारख्या वेगाने जायला हवंय, जमिनीवर ४० नॉट. समोरून २५ नॉट वारा. म्हणजे एअरस्पीड ६५, अगदी आरामात, कारण ६० च्या आसपास हेलिकॉप्टरला सगळ्यात कमी ताकद लागते. लाईन संपली, वळला, परत येताना तोच ४० नॉटचा वेग ठेवला कारण कॅमेऱ्यावाल्याला तसंच पाहिजे आणि डोळ्यालाही ते नॉर्मल दिसतंय. आता एअरस्पीड किती? ४० मधून २५ गेले, १५. बाहेर बघितलं तर काहीच बदललेलं नाही, तीच झाडं, तेच खांब, तोच वेग. पण हवेच्या दृष्टीने हे हेलिकॉप्टर आता जवळपास एका जागी लटकलंय.

१५ नॉट वाईट का, तर साधारण १६ ते २४ नॉटच्या पट्ट्यात रोटर, म्हणजे वर फिरणारा पात्यांचा संच, आपणच ढवळलेल्या हवेतून बाहेर पडून स्वच्छ हवेत येतो आणि त्याला लिफ्ट स्वस्तात मिळायला लागते, याला ट्रान्सलेशनल लिफ्ट म्हणतात. त्याच्या खाली गेलं की ताकदीची मागणी झपकन वाढते. पायलटला वाटतं मशीन खाली का बसतंय, तो कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा) वर ओढतो, टॉर्क (मशीनला रोटरच्या उलट फिरवू बघणारा जोर) वाढतो, नाक वळायला लागतं, त्यात वारा शेपटीकडून येतोय आणि हेलिकॉप्टरची शेपूट ही वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कोंबड्यासारखी आहे, तिला नेहमी वारा जिकडे वाहतो तिकडे जायचं असतं, म्हणजे मशीन स्वतःहून गर्रकन फिरू बघतं. अमेरिकेची फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशन या गोष्टीबद्दल पायलटांना बजावत आलीये, कमी वेगात शेपटीकडून किंवा ठराविक कोनातून आलेल्या वाऱ्यात टेल रोटर (शेपटीवरचा छोटा पंखा, जो मशीनला गरगर फिरू देत नाही) पुरा पडत नाही. जिथे वरून बघितल्यावर मुख्य रोटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो तिथे नाक उजवीकडे फिरतं, आणि वेळेत टेल रोटरचं डावं पेडल नाही मारलं तर फिरतच राहतं.

आणि त्यातच खाली उतरणं चालू असेल तर तिसरं संकट. वेग ट्रान्सलेशनल लिफ्टच्या खाली, इंजिनाची ताकद चालू, आणि मिनिटाला ३०० फुटांपेक्षा जास्त वेगाने खाली येणं, या तीन गोष्टी एकत्र आल्या की रोटर स्वतःच्याच खाली ढकललेल्या हवेत बसतो. याला व्होर्टेक्स रिंग स्टेट म्हणतात. मग कलेक्टिव्ह जितका ओढाल तितकं जास्त वेगाने खाली जाल. बाहेर पडायचा जुना मार्ग म्हणजे सायक्लिक (रोटर हव्या त्या दिशेला कलवणारी स्टिक) पुढे करून वेग घ्यायचा, त्यात उंची खूप जाते. स्विस पायलट क्लोद व्हुइशार यांच्या नावाने ओळखली जाणारी दुसरी पद्धत आहे, ताकद लावून, पेडलने नाक सरळ धरून बाजूला सरकायचं, म्हणजे रोटरला शेजारची न ढवळलेली हवा मिळते, यात उंची बरीच कमी जाते. मी दोन्ही शिकवतो. पण दोन्हीला थोडी तरी उंची लागते आणि तारांची पाहणी करताना ती नसते.

तिसरी गोष्ट, जी तुम्ही इंजिनिअर म्हणून नक्की मान्य कराल. तुमचं वाक्य "वारा स्थिर असेल तर" असं सुरू होतं. जमिनीजवळ तो स्थिर नसतोच. झाडं, घरं, टेकड्या यांच्या घर्षणाने खाली वारा मंद असतो आणि काहीशे फूट वर गेलं की जोरात. टेलविंड घेऊन चढताना तुम्ही मंद वाऱ्यातून जोराच्या वाऱ्यात शिरता, मशीनचं वजन लगेच वेग बदलू देत नाही, तेवढा एअरस्पीड खरोखर काही क्षणांसाठी कमी होतो. जोराचा झोत आला तरी तसंच. म्हणजे भाऊ इथे खरा.

तर निकाल असा की तत्त्व तुमचं आणि भीती भावाची, आणि उडवताना भावाची भीती जवळ ठेवलेली बरी. शिकाऊ पायलटला मी एकच सांगतो, वाऱ्याबरोबर वळताना बाहेरची जमीन पळताना दिसली की आधी काट्याकडे बघ आणि मगच हात हलव. आणि उतरताना तर काट्यावरही पूर्ण भरवसा नको, कारण २० नॉटच्या खाली पिटो ट्यूब नीट सांगत नाही, तिथे वारा कुठून आहे हे आधीच माहीत असावं लागतं.

प्रश्न : हेलिकॉप्टर कुठूनही आलं तरी उतरायच्या आधी फिरून एका ठराविक दिशेलाच तोंड करतं असं बघितलंय. हेलिपॅड तर गोल असतं, मग दिशा कसली?

वाऱ्याची. २० नॉटच्या वाऱ्यात नाक वाऱ्याकडे करून एका जागी थांबलेलं हेलिकॉप्टर जमिनीवरून बघणाऱ्याला थांबलेलं दिसतं, पण रोटरच्या दृष्टीने ते २० नॉटने पुढे उडतंय, वर सांगितलेली ट्रान्सलेशनल लिफ्ट त्याला बसल्या जागी मिळतेय. ताकद कमी लागते, शेपूट शांत राहते, आणि काही बिघडलं तर हातात शिल्लक ताकद जास्त असते. जड माल उचलताना किंवा दोरीने माणूस वर घेताना पायलट वाऱ्याकडे तोंड करण्यासाठी एवढी धडपड करतात ती त्यामुळेच. म्हणजे वारा प्रवासात जे हिरावून घेतो त्यातलं थोडं उतरताना परत देतो, फक्त तो समोरून घ्यायला हवा.

प्रश्न : हेलिकॉप्टर उलटं, म्हणजे मागे मागे जाऊ शकतं का, तेही पुढे उडत असताना?

जमिनीच्या दृष्टीने, हो. वारा ६० नॉट आणि एअरस्पीड ५० असेल तर नाक पुढे, काटा ५० वर, आणि तुम्ही १० नॉटने मागे. हलकी विमानंसुद्धा जोराच्या वाऱ्यात असं करतात.

याच्याच उलटं उदाहरण एका वाचकाने विचारलंय म्हणून इथेच सांगतो. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, ग्राउंडस्पीड तासाला १३२७ किलोमीटरपर्यंत गेला होता. ध्वनीचा वेग ओलांडला का? नाही. पाठीमागे जेट स्ट्रीमचा, म्हणजे खूप उंचावरून वाहणाऱ्या हवेच्या पट्ट्याचा, प्रचंड वारा होता, हवेतून ते आपल्या नेहमीच्या वेगानेच चाललं होतं.

प्रश्न : मग किती वाऱ्यात हेलिकॉप्टर उडू नये? एक आकडा सांगा.

एक आकडा नाहीये, मशीनप्रमाणे आणि पायलटच्या अनुभवाप्रमाणे बदलतो. ठोस उदाहरण हवं तर रॉबिन्सन आर-२२ आणि आर-४४, जगभर शिकवायला वापरतात ती छोटी हेलिकॉप्टरं. त्यांच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की पायलटकडे हेलिकॉप्टरचे एकूण २०० तास, त्या मॉडेलवरचे ५० तास आणि ठरलेलं प्रशिक्षण नसेल तर जमिनीवरचा वारा झोतांसकट २५ नॉटच्या वर असताना उडायचं नाही, आणि झोतांमधला फरक १५ नॉटपेक्षा जास्त असला तरी नाही. हा दुसरा आकडा लोक विसरतात आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. एकसारखा २५ नॉट वारा हा फक्त वेळ आणि इंधन खातो, पण ८ वरून २४ आणि परत ८ असा उसळणारा वारा मशीनला हवेत फेकतो. या हेलिकॉप्टरांच्या दोन पात्यांच्या झुलत्या रोटरला असे धक्के विशेष सोसत नाहीत, वजन क्षणभर हलकं झालं आणि पायलटने चुकीचा हात मारला तर रोटरचा हब (पाती जोडलेला मधला भाग) मास्टवर (रोटर फिरवणाऱ्या उभ्या दांड्यावर) आपटू शकतो आणि मग वाचवण्यासारखं काही उरत नाही.

मोठ्या हेलिकॉप्टरांना यापेक्षा जास्त वारा चालतो, पण त्यांनाही सुरू करताना आणि बंद करताना मर्यादा असते. पाती पूर्ण वेगात फिरताना ताठ असतात, हळू फिरताना लवचिक, तेव्हा वाऱ्याने पातं खाली दबून शेपटीला लागू शकतं. म्हणजे उडायला जमेल पण बंद करायला जमणार नाही असा वारा असतो, उतरल्यावर रोटर चालूच ठेवून बसावं लागतं.

डोंगरात सगळंच वेगळं. वारा ज्या बाजूने चढतो तिथे तो तुम्हालाही वर उचलतो, पलीकडच्या बाजूला खाली दाबतो. मिनिटाला १००० फूट चढणारं हेलिकॉप्टर म्हणजे सरळ वर साधारण १० नॉट, इतकंच. म्हणजे ४० नॉटच्या वाऱ्याचा चौथा हिस्सा जरी खालच्या दिशेने वळला तरी तुमचं चढणं शून्य. १४ मे २००५ ला फ्रेंच पायलट दिदिए देलसाल यांनी एएस-३५० बी-३ हेलिकॉप्टर एव्हरेस्टच्या माथ्यावर टेकवलं आणि ३ मिनिटं ५० सेकंद ठेवलं. लोक त्यात विरळ हवेबद्दल बोलतात आणि ते बरोबरच आहे, पण त्या धारेवर वाऱ्याची चढती बाजू कुठली आणि दाबणारी कुठली हे वाचणं हेही तितकंच मोठं कसब आहे असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : जोराच्या वाऱ्यात इंजिन बंद पडलं तर? वारा वाचवतो की मारतो?

कुठल्या दिशेला तोंड आहे त्यावर ठरतं. इंजिन गेलं की पायलट कलेक्टिव्ह खाली करतो, खालून वर येणारी हवा रोटर फिरवत ठेवते, याला ऑटोरोटेशन म्हणतात. समजा १००० फुटांवर आहात, ६५ नॉट एअरस्पीड, मिनिटाला १५०० फूट खाली. हातात ४० सेकंद. वारा नसेल तर तेवढ्यात साधारण १३०० मीटर पुढे जाता. समोरून ४० नॉट असेल तर जेमतेम ५०० मीटर. पाठीमागून असेल तर २१०० च्या वर. म्हणजे हेडविंडमध्ये समोर दिसणारं मैदान हाताशी वाटतं पण तिथे पोचता येत नाही. पण तळाशी हिशोब उलटतो, समोरच्या वाऱ्यात टेकताना जमिनीवरचा वेग जवळजवळ शून्यावर आणता येतो, पाठच्या वाऱ्यात तेच हेलिकॉप्टर ४० नॉटने घसरत जमिनीला लागेल. म्हणून जवळची का होईना, वाऱ्याकडे तोंड करून पोचता येईल अशी जागा निवडायची आणि उंची असेल तर लगेच वळायचं.

त्या ४० सेकंदांत वारा कुठून आहे हे शोधायला वेळ नसतो, ते आधीच माहीत असावं लागतं, म्हणून चांगला पायलट पूर्ण प्रवासभर बघत असतो. कुठे धूर दिसतोय, तो किती आडवा झालाय. तळ्याचा कुठला काठ शांत आहे, कारण वारा त्याच काठाकडून येतो आणि लाटा पलीकडे असतात. झाडांची पानं कुठल्या बाजूने फिकट दिसतायत. ढगांच्या सावल्या जमिनीवर कुठे सरकतायत, त्यावरून वरचा वारा कळतो, खालचा नाही, आणि दोन्हींत बराच फरक असू शकतो. शिवाय तुमच्या फोनसारखंच जीपीएस समोर असतंच, त्यावरचा ग्राउंडस्पीड आणि काट्यावरचा एअरस्पीड यांतला फरक सतत पडताळायचा, आणि नाक कुठे आहे व प्रत्यक्षात आपण कुठे सरकतोय हेही. कंट्रोल टॉवरने वारा २७० अंश सांगितला तर तो पश्चिमेकडून येतोय असं समजायचं, नवीन मुलं हे बऱ्याचदा उलटं धरतात. आणि टॉवरचा आकडा हा टॉवरच्या मैदानावरचा असतो, तुम्ही वीस मैलांवर एखाद्या खिंडीत उतरणार असाल तर तिथला वारा तिथे पोचून, एक चक्कर मारूनच ठरवायचा.